बेहड्याला बांधलेला दोर

पहिली अक्षरं मी पत्रकांवर शिकले. कसबा पेठेत वडिलांचा एका खोलीचा छापखाना होता, अजून आहे. संप, पाणी, टेकड्यांची कत्तल, बुवाबाजी, कशाचंही पत्रक असो, घड्या घालायला आम्ही दोघी बहिणी बसायचो. ताई मुकाट्यानं घड्या घालायची आणि मी वाचत बसायचे. म्हणून ती डॉक्टर झाली आणि मी भांडखोर, असं आई म्हणते.

त्यामुळे जीपला विंच कुठला लावायचा हे ठरवायलासुद्धा आमच्या घरात सभा भरली.

जीप ताईची आणि तिच्या मित्रमंडळींची. जुनी, पण चारही चाकांना जोर असलेली. दर गुरुवारी ताई औषधं घेऊन धरणामागच्या वस्त्यांवर जाते. शेवटची वस्ती खोल घळीत आहे आणि तिथून वर यायला तांबड्या मातीचा एकच चढ. पावसाळ्यात त्याचा साबण होतो. गाडी उतरते, पण चढत नाही. त्या वस्तीवर एक आजी राहत होत्या. त्यांचा एक डोळा पूर्वीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. डोळ्यातला दाब वाढतोय, पाऊस संपेपर्यंत थांबलो तर हाही जाईल, असं ताई म्हणाली. पुण्यात ऑपरेशनची सोय झाली होती. पण आजींची कंबर धरलेली, अंगणापुरतं चालता यायचं, चढ चालणं अशक्य, आणि डोलीला खांदा देणारी तरणी माणसं सगळी शहरात गोदामांत आणि रिक्षांवर. म्हणजे जीपनंच चढायला हवं होतं.

विंच म्हणजे गाडीच्या नाकावर बसवलेलं एक रहाट. त्यावर दोर गुंडाळलेला असतो. दोराचं टोक पुढच्या झाडाला बांधायचं, बॅटरीवर मोटर फिरवायची, की गाडी स्वतःच स्वतःला ओढून घेते.

"रस्ता मागा ना," बाबा म्हणाले. "यंत्र कसलं घेता?"

"रस्ता मागता मागता तुमचे केस पांढरे झाले, बाबा."

"मग आणखी एक पत्रक काढू."

"त्या पत्रकावर बसवून आजींना आणता येईल का?" ताईनं विचारलं.

बाबांनी पत्रकाचा विषय सोडला. मग त्यांचा आग्रह सुरू झाला की निदान हातानं चालणारं यंत्र घ्या, माणसाच्या बाहूंवर विश्वास ठेवा. ताई म्हणाली, बाहू माझे दोनच आहेत आणि एरवी चढावर मी एकटी असते. शेवटी विजेवरचा विंच ठरला. तो ओळखीच्या गॅरेजवाल्यानं मिळवून दिला आणि बसवूनही दिला. दोर आणि बाकीचं सामान आम्ही आणायचं होतं. हायवेलगत असल्या सामानाचं एक चकचकीत दुकान आहे. तिथं जायचं नाही, हा ठराव माझा. रविवारी डोंगराच्या उतारावर चाकांचे चर पाडत फिरणाऱ्या हौशी लोकांचं ते दुकान. त्यांच्याविरुद्ध पत्रक मीच लिहिलं होतं. ठराव एकमतानं मंजूर झाला.

म्हणून आम्ही मंडईमागच्या तारा-साखळ्यांच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय ओढायचंय?"

"जीप. चिखलातून."

"मग चिखलात घालता कशाला?"

"पलीकडे पेशंट आहेत."

"अहो, मग आधी सांगायचं ना." ते उठले. "गाडी माणसं-सामानासकट किती भरते ते बघा, त्याच्या दीडपट ओढणारा विंच हवा. तेवढा आहे ना? बरं. चिखल गाडीला धरून ठेवतो, तो काही तुमच्या बाजूचा नसतो. तार ताणलेली असताना ओलांडायची नाही. तुटली तर माणूस कापते. वर ओलं गोणपाट टाकून ठेवा, म्हणजे उसळणार नाही."

"आणि झाडाला?"

"साखळी. झाडाला काय होतंय? साल निघेल फार तर."

पोलादी तार, साखळी, लोखंडी कड्या. हे शहर ज्यांनी बांधलं ते कामगार हेच वापरतात, असं मी घरी सांगितलं. बाबा खूश झाले.

पुढच्या गुरुवारी मीही ताईबरोबर गेले. उतरताना जीप घसरत घसरत गेली. आजींना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. चढाच्या मध्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि तांबडा चिखल काचेवर उडाला. ताईनं इंजिन मंद केलं. मी तार ओढत वर निघाले. चढाच्या माथ्यावर देवराई होती, आणि तिच्या कडेलाच एक बेहडा. आम्हा दोघींनी हात पसरून कवेत घ्यायचा म्हटला तरी निम्मा बाहेर राहील, एवढा. मी साखळी खांद्यावरून उतरवली तोच खालून आवाज आला.

"राईत लोखंड न्हाय चालत!"

आजींना मी दिसत नव्हते. साखळीचा खळखळाट त्यांनी ऐकला होता.

"आजी, पाच मिनिटांचं काम आहे."

"आमी कोयता न्हाय न्हेत आत. सुई न्हाय न्हेत. आन तू साखळी बांधतीस?"

"तुमच्या डोळ्यासाठीच बांधतेय!"

"माज्या डोळ्यापायी नगं. एक ग्येला तवा बी झाड हुतं, दुसरा ग्येला तरी ऱ्हाईल."

मी चिखलातून खाली आले. आजन्म वाचलेली सगळी पत्रकं माझ्या घशाशी आली होती. "साखळी लावली म्हणून देव रागावतो का हो, आजी?"

"द्येव कशाला रागवंल?" त्या म्हणाल्या. "मी रागवीन की!"

ताई हसली, आणि मग तिनं इंजिनच बंद केलं. "पेशंट नाही म्हणाला की नाही. गुंडाळ तार."

गॅरेजवाल्यानं एक युक्ती सांगितली होती. झाड नसेल तर स्टेपनी जमिनीत पुरायची आणि तिला तार बांधायची. ती करून पाहिली. ताण येताच स्टेपनी लोण्यातून बोट निघावं तशी वर आली. दुसरं झाड शोधायला मी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, समोरच्या डोंगराकडे पाहिलं. समोर फार्महाउसचे प्लॉट पाडलेले होते. माती सपाट, दगडी खुणा, आणि निसर्गाच्या कुशीत बोलावणारा एक बोर्ड. गाडी सोडा, शेळी बांधावी असं एक झाड त्या उतारावर शिल्लक नव्हतं. आमच्या बाजूचा उतारही तसाच उघडा. साऱ्या घळीत जिच्यावर भरवसा टाकावा अशी झाडी एकाच तुकड्यावर होती, जिथं लोखंड गेलं नव्हतं.

टेकड्या वाचवा म्हणून आम्ही किती पत्रकं छापली असतील. इथं कुणी एकही छापलं नव्हतं, आणि राई उभी होती. मी तिथंच उभी राहिले. हा पराभव वाटायला हवा होता. पण एखाद्या फार मोठ्या माणसासमोर अचानक आल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं झालं.

जीप मागे घेत वस्तीवर सोडली. आजींना घरी पोचवलं. "यीन की परत, घाई काय हाय," त्या म्हणाल्या. घाई आहे हे त्यांना माहीत होतं. आम्ही दोघी चढ चालून वर आलो आणि एसटीनं स्वारगेटला उतरलो.

दुसऱ्या दिवशी मी हायवेलगतच्या त्या दुकानात गेले. काउंटरवर माझ्याच वयाचा एक मुलगा होता, दंडावर डोंगर गोंदवलेला.

"सांगा मॅडम, कुठली गाडी, कुठला ट्रेल?"

"आधी मला सांगा, तुमच्या सामानात लोखंड कुठंकुठं आहे?"

"हे अजून कुणी विचारलं नव्हतं."

मी त्याला राईचं सांगितलं. मग त्याच्या गिऱ्हाइकांनी डोंगरांची काय दशा केलीय तेही सांगितलं, सविस्तर.

"भाषण पण पॅक करून देऊ का?" त्यानं विचारलं. आणि मग काउंटरवर एकेक वस्तू मांडू लागला.

धाग्याचा दोर, करंगळीएवढा जाड. त्याच मापाच्या पोलादी तारेइतकाच ताण घेणारा, आणि एवढा हलका की सगळं वेटोळं मी एका हातानं उचललं. तुटला तर तारेसारखा सुसाट उसळत नाही. मात्र उन्हानं आणि रेतीनं झिजतो, म्हणून झाकून ठेवायचा, धुवायचा, आणि विंचच्या तोंडाशी गुळगुळीत पट्टी लावायची. तिथल्या, तारेनं चरे पडलेल्या जुन्या रोलरवरून तो चालवायचा नाही. झाडासाठी तळहाताहून रुंद पट्टा, ताण सगळ्या बुंध्यावर पसरवणारा. त्याला रुंद पट्टाच का, असं विचारलं, तर तो म्हणाला, "बारीक दोर साल कापतो. साल गेली की झाड गेलं, मॅडम. आम्हीपण एवढे वाईट नाही." कड्यांच्या जागी धाग्याचे विणलेले फास. आणि शेवटी एक जाड गुळगुळीत वर्तुळ, मधे भोक, कडेला खोबण. ही कप्पी. झाडाच्या पट्ट्याला ती अडकवायची, दोर तिच्यातून वळवून परत गाडीलाच आणून बांधायचा. वेग निम्मा होतो, ओढ दुप्पट.

"दुप्पट? मोटर तीच?"

"तीच."

शाळेत हे शिकले होते, मार्कही मिळाले होते. पण त्या दिवशी ते वर्तुळ मी हातात फिरवून फिरवून पाहिलं. आत काही नाही. स्प्रिंग नाही, दात नाहीत. नुसता एक वळसा, आणि त्यातून बळ येतं.

दोराची पिशवी मांडीवर घेऊन आम्ही पुन्हा एसटीत बसलो. कंडक्टरनं आत डोकावून पाहिलं. "गाय कुठंय, ताई?"

"चिखलात," ताई म्हणाली, "चार चाकांची."

वस्तीवर सामान उतरवताच बायका जमल्या. एकीनं ते वर्तुळ उचललं. "ह्ये लोखंड हाय का?"

"ॲल्युमिनियम."

"म्हंजी पातेल्याचं?"

"हो, त्याच जातीचं."

त्यांच्यात जरा कुजबुज झाली. निकाल आजींनी दिला. "पातेल्यानं कुनाचं वाईट केलंय? चालंल. पन झाडाला चिकटवू नका." मग त्यांनी सुनेकडून आपलं जुनं लुगडं मागवलं. "पट्ट्याखाली ह्ये घाला. त्येला काचाय नगं."

ताईनं विंचवरची तार काढून दोर गुंडाळला, तोंडाशी पट्टी बसवली आणि जीप गेल्या वेळी अडली होती तिथवर आणली. राईच्या कडेला मी चपला काढल्या. किल्ल्या काढल्या, केसांतल्या पिना काढल्या, सगळं एका दगडावर ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझा त्या देवावर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण पायांखाली कुजलेल्या पानांचा गार, खोल थर होता, पाऊल टेकलं की बुडायचं, आणि आत बोलावंसं वाटत नव्हतं. बेहड्याभोवती लुगडं गुंडाळलं, हिरवं, विटलेलं. त्यावर पट्टा. पट्ट्यात फास, फासात कप्पी, बुंध्यापासून हातभर लांब. दोर वळवून खाली आणला आणि जीपला बांधला. त्यावर ओलं गोणपाट टाकलं. बायकांना दोराच्या रेषेतून दूर उभं केलं. आजी सीटवर, ताई स्टिअरिंगवर. विंचचं बटण माझ्याकडे, वायरच्या टोकाला, बाजूला उभी राहून.

अंगठा दाबला.

दोर चिखलातून वर उठला, पाणी झटकत सरळ झाला, आणि गुणगुणू लागला. तेवढंच. गाडी हलेना. मग हललीय असं वाटलं, मग नाही असं वाटलं. मी चाकाजवळचा एक दगड नजरेत धरला. तो दगड चाकाखाली गेला.

ती अख्खी जीप, औषधांच्या पेट्यांसकट, त्या उभ्या साबणावर गोगलगायीच्या चालीनं चढत होती. गडबड नाही, चिखलाचा एक शिंतोडा नाही. वर बेहडा. सगळा भार त्याच्यावर होता आणि त्याचं पानही हललं नव्हतं. आजवर मी शक्ती हा शब्द घोषणेत ऐकला होता, मूठ वळून ओरडला होता. तो इतका शांत असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मी अंगठा बटणावर तसाच दाबून धरला.

"ह्ये कोन गुनगुनतंय?" आतून आजींनी विचारलं.

"दोर, आजी," ताई म्हणाली.

"आन झाड?"

ताईनं काचेतून वर पाहिलं. "झाड गप्प आहे."

"मग वढा."

माथ्यावर पोचल्यावर बायकांनी एकच गलका केला. मी सामान सोडवलं. लुगड्याची घडी घालून आजींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपून पाहिली, कुठं फाटलंय का ते. मग काखेत धरली आणि आम्ही पुण्याला निघालो.

ऑपरेशन नीट झालं. तपासण्या संपेपर्यंत त्या आमच्याच घरी राहिल्या. बाबांनी त्यांना एक पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "छान हाय, पन लई लांबलंय." परत न्यायच्या दिवशी ऊन होतं. समोरचा डोंगर उघडा, बोर्डासकट लख्ख दिसत होता. चढाच्या माथ्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली.

काळा चष्मा लावून, ताईच्या खांद्याला धरून त्या बेहड्यापाशी गेल्या. मला वाटलं, हात जोडतील. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पट्टा जिथं होता त्या उंचीवर साल पाहायला सुरुवात केली. वीतभर पाहायचं, हात फिरवायचा, एक पाऊल सरकायचं. खोडाला पूर्ण फेरी घालायला त्यांना बराच वेळ लागला. मी अनवाणी त्यांच्यामागून एकेक पाऊल सरकत होते.

फेरी संपली. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"कुटं लागल्यालं न्हाय," त्या म्हणाल्या. "चला, घरी."