संजय ब्रेकवाल्याची स्थळं

आमच्या गॅरेजातलं भंगार दर महिन्याला भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते आपले साठतच राहतात. त्यातले निम्मे तरी संजयच्या लग्नाचे आहेत.

सांगलीत माधवनगर रोडला आण्णांचं गॅरेज. मी वायरिंग बघतो, संजय ब्रेक बघतो. हात सोन्याचा, स्वभाव गरीब, वय चौतीस आणि लग्नाचा पत्ता नाही. मुलीकडच्यांना नोकरीवाला पाहिजे, गॅरेज म्हटलं की फोन ठेवतात. तो हसण्यावारी नेतो खरा, पण एकदा डबा खाता खाता मला म्हणाला, "गड्या, घरी गेल्यावर कुणीतरी बोलायला पाहिजे रं." ते मी आण्णांच्या कानावर घातलं. तेव्हापासून अख्खं गॅरेज त्याच्यासाठी स्थळं शोधतंय.

*

संजयचा एक नियम आहे. डिस्क आणि पॅड नवे टाकले की गाडी लगेच हातात देत नाही. नवे पॅड नव्या डिस्कवर बसावे लागतात. त्यासाठी गाडीवाल्याला स्टिअरिंगवर बसवायचं, आपण शेजारी बसायचं आणि मोकळ्या रस्त्याला न्यायचं. गाडी साठावर घ्यायची, सावकाश ब्रेक दाबत दहावर आणायची, पण थांबायचं नाही. असं दहा वेळा. मग ब्रेकला पाय न लावता जरा फिरवून थंड करायचे.

एक हळदीचे व्यापारी सहाव्या राउंडला वैतागले. "अरे बाबा, मी ब्रेक टाकून घेतले ते थांबायला का न थांबायला?"

*

मिरजेचे तंबोरे करणारे एक काका आले. म्हणाले, पुढचं डावं चाक बेसूर झालंय. खोलून बघतो तर खरंच, डाव्याचाच पॅड झिजून पत्र्याला आलेला! कानाला मानलं आम्ही.

नवं सामान टाकून राउंड सुरू झाले. चौथ्या राउंडला काकांनी आवाज नीट ऐकायला डोळे मिटून घेतले. साठच्या स्पीडला. संजयनं डाव्या हातानं स्टिअरिंग धरलं, उजव्या हातानं हँडब्रेक ओढला आणि गाडी कशीबशी कडेला घेतली.

परत आल्यावर काकांची तक्रार एवढीच होती, की पोरगा चांगला आहे पण शांतपणे ऐकू देत नाही.

*

मग खंडेनवमीचं झालं. तासगावकडचे एक रिटायर सुभेदार आहेत, त्यांच्या गाडीला आदल्याच दिवशी नव्या डिस्क टाकलेल्या. सकाळी त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकू, अंगणात गाडीची पूजा करायला आल्या. चाकाच्या फटीतनं ती चकचकीत डिस्क दिसली. एवढं नवं हत्यार कोरडं कसं ठेवायचं म्हणून त्यांनी चारी बोटांनी तेल लावलं आणि वर हळदकुंकू.

सुभेदारांनी गाडी काढली ती गेट ओलांडून सरळ समोरच्या उसात. माणसांना काही झालं नाही, उसाच्या दोन सऱ्या गेल्या.

संजयनं पॅड परत बदलले, डिस्क धुतली आणि काकूंना म्हणाला, "आवं काकू, बाकी कुटंबी लावा, ब्रेकला तेल लावायचं नसतं."

आता या काकू त्याला आपली भाची देणार होत्या. आमचं बोलणंसुद्धा झालं होतं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "ज्याला पूजा कळत न्हाई, त्याला पोरगी कोण देतंय?"

*

लोणंदच्या स्थळाची तर आठवण काढली की आण्णा अजून डोकं धरतात. जायच्या दिवशीच सकाळी आण्णांच्या गाडीला नवे पॅड टाकले. राउंड झाले होते, पण सुरुवातीला जोरात ब्रेक मारायचा नाही, हे संजयचंच दुसरं तत्त्व. मुलीचे काका रस्त्यावर उभं राहून हात करत होते. आण्णा म्हणाले, दाब. स्टिअरिंगवर बसलेला संजय आपला हळूहळू दाबत, दाबत, पार चार घरं पुढं जाऊन थांबला.

गाडी थांबली तेच घर समजून आम्ही उतरलो, तिथल्या माणसांनीही अगत्यानं आत घेतलं. बसवलं, पाणी दिलं, पोहे दिले. आण्णांनी दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले आणि म्हणाले, आता मुलीला बोलवा. त्या घरात लग्नाची मुलगीच नव्हती.

खऱ्या घरची माणसं तोवर दाराला कडी लावून आत गेली होती. परत आल्यावर संजय शर्टसुद्धा न बदलता कामाला लागला. मला फार वाईट वाटलं.

*

परवा मिरजेचं स्थळ आलं. मुलगी दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला, वडील रिटायर एसटी ड्रायव्हर. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी फोनवरच सांगितलं, घरात बसून पोहे खाणारी पोरं लय बघितली, मी कामावर येऊन बघणार. आणि डिस्क-पॅड टाकायला म्हणून गाडी घेऊन आले, संगं मुलगी.

संजयनं दोन तास मान वर केली नाही. काम झालं, त्यानं तीनदा हात धुतले. आबा स्टिअरिंगकडे निघाले तशी मुलगी म्हणाली, रोज गाडी मी चालवते. मग ती पुढं, संजय शेजारी आणि आबा मागं.

तासाभरानं गाडी परत आली. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला. आबा खाली उतरले आणि आण्णांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं 'दाबा' आणि 'सोडा' सोडून एक शब्द बोललं न्हाई हो." आण्णांनी कपाळाला हात लावला. संजय खाली मान घालून उतरायला लागला.

तेवढ्यात मुलीनं काच खाली घेतली.

"आबा, तुमी इथंच चहा घ्या. ब्रेक अजून बसलं न्हाईत. आणखी दहा राउंड मारून येतो आमी."

संजयनं गपचूप दार लावलं आणि बेल्ट बांधला.