दाब उतरवताना

रोह्याची हफ्सा मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. पातळ थरांचा इवलासा स्फटिक दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबायचा, अतिथंड करायचा आणि त्यातून वीज कशी वाहते ते मोजायचं, हे तिचं काम. तिच्या स्फटिकात थंड केल्यावर इलेक्ट्रॉनांचे दाट-विरळ पट्टे पडायचे आणि विजेला अडथळा वाढायचा. गेल्या आठवड्यात तिनं दाब वाढवला तसे पट्टे नाहीसे झाले. आणखी थंड केल्यावर तर अडथळाच उरला नाही. स्फटिक अतिवाहक झाला होता.

सोबत काम करणाऱ्या सुजयला शंका होती. पट्टे दाबानं गेले, की स्फटिकच चेचला गेला? दाब उतरवल्यावर पट्टे परत आले, तर तो शाबूत. पण हिरे तडकतात ते बहुधा दाब उतरवतानाच, आणि असा दुसरा स्फटिक उरला नव्हता.

भावाचं, झुबेरचं, लग्न आटोपून हफ्सा सकाळी रोह्याहून निघाली. गडब गावाच्या पुढं एसटी अडकली. वडखळपर्यंत गाड्या तुंबलेल्या. तिथंच प्रयोगशाळेतून सुजयचा फोन आला. यंत्र थंड ठेवणारं द्रव हेलियम संध्याकाळपर्यंतही पुरणार नव्हतं, नवं कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मार्गदर्शक सर परदेशी जाणाऱ्या विमानात होते; ठरवायचं तिलाच होतं.

"आहे तेवढ्यावरच शोधनिबंध लिहू या," सुजय म्हणाला. "कोण शंका घेणार आहे?"

"तू घेतलीस ना. उतरव, सावकाश."

एकेका टप्प्याला वेळ लागत होता. शेजारच्या बाईंनी तिचा चेहरा बघून विचारलं, "घरी कोण आजारी हाय काय गो?" नाही म्हणून मान हलवून हफ्सानं फोन पुन्हा कानाला लावला. दाब निम्म्यावर आला तरी पट्ट्यांची खूण नव्हती. थांबू का, असं सुजयनं विचारलं. नको, ती म्हणाली.

बस पेणला पोचली तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "हफ्सा, आलेखात पट्ट्यांचा उंचवटा दिसतोय. आधी होता तिथंच." पुढचा टप्पा घेताना सगळे आकडे बंद पडले, हेही त्यानंच सांगितलं. हिरा तडकून स्फटिक चिरडला होता.

"नोंद झाली?"

"झाली."

तिनं अम्मीला, हलीमाला, फोन लावला. आपलं म्हणणं खरं ठरलं, पण स्फटिक गेला, असं सांगताना तिला रडू फुटलं.

"खरं ठरलं ना, मग रडतेस कशाला गो?"

याहून जास्त दाबाखाली काय होतं ते बघायचं राहूनच गेलं, एवढंच ती कसंबसं म्हणाली.