नानांनी उचललेला फोन

रिक्षा दारात येऊन उभी राहिली आणि नानांनी कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. माझे वडील दोन्ही कानांनी बहिरे आहेत. मशीन काढलं की त्यांना दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही. म्हणजे निरोपाचं जे काही बोलणं व्हायचं होतं ते त्यांनी एका झटक्यात निकालात काढलं. वहिनी पिशवीत डबा कोंबत होती, दादा रिक्षावाल्याला स्टेशनचा जवळचा रस्ता समजावत होता, भाची प्रणाली माझी बॅग पायऱ्यांवरून खडखड उतरवत होती, आणि या सगळ्या गोंगाटात नाना एकटे शांत बसले होते. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि कोपऱ्यातल्या टेलिफोनकडे बोट दाखवलं. पोचलीस की तिथं फोन कर, एवढाच त्याचा अर्थ. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा पुण्याबाहेर राहायला निघाले होते.

त्याला आता सात महिने झाले. पर्वती पायथ्याच्या आमच्या कॉलनीतले तुम्ही सगळे फोनवर विचारता, तिकडे करमतं का, आणि मी म्हणते, हो, छान आहे. ते खरंच आहे, पण पुरतं नाही. म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. तुमच्यासाठी, आणि कॉलनीतून जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्यासाठीही.

बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत, बागवानकाकांचं श्रवणयंत्रांचं दुकान होतं हे तुम्हाला माहीत आहे. तिथं मी बावीस वर्षं काम केलं. कानाचं माप घ्यायचं, मशीन बसवायचं, बिघडलं तर उघडून दुरुस्त करायचं. पण सगळ्यात जास्त वेळ जायचा तो माणसाला फोनवर ऐकायला शिकवण्यात. कारण समोरच्याचे ओठ दिसतात, फोनवर दिसत नाहीत. म्हातारी माणसं रिसीव्हर सवयीनं कानाच्या भोकाला लावतात आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. तो थोडा वर, कानामागच्या मशीनच्या पाठीला लावायचा असतो. सांगायला हे एक वाक्य आहे, अंगवळणी पडायला महिना लागतो.

दुकानात दोन फोन होते, एक काउंटरवर आणि एक मागच्या खोलीत. मी मागं जाऊन पुढचा फोन वाजवायची आणि गिऱ्हाइकाला पेपरातला खडकवासल्याचा पाणीसाठा वाचून दाखवायची. बातमीचा अंदाज लावता येतो, आकड्याचा लावता येत नाही. शिवाय पुणेकर माणूस एकवेळ बायकोचं बोलणं नीट ऐकणार नाही, पण धरणात पाणी किती हे कान देऊन ऐकतो. त्यानं आकडा बरोबर सांगितला की बागवानकाका काउंटरवरून ओरडायचे, "सुषमाबाई, पास."

नानांनाही मी असंच पास केलं. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून तीस वर्षं ज्यांनी लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले, त्यांचेच कान गेले. मशीन लावायला ते तयार नव्हते. शेवटी लावलं, आणि मग मी रोज अकरा वाजता दुकानातून घरी फोन करून धरणाचा आकडा वाचायची. ते तो वहीत लिहायचे, संध्याकाळी मी ताडून बघायची. सुरुवातीला आकडे असे चुकायचे की वहीवर विश्वास ठेवला असता तर पुणं वाहून गेलं असतं. तीन महिन्यांनी एकही चुकेना. तरी अकराचा फोन आमचा चालूच राहिला.

मग बागवानकाका थकले. मुलांना दुकानात रस नव्हता, आणि लोक मशीनं मॉलमध्ये नाहीतर मोबाइलवर घ्यायला लागले होते. एका शनिवारी काकांनी मला समोर बसवून चहा पाजला आणि दुकान बंद करतोय म्हणाले.

प्रणाली इंजिनिअरिंगला आहे. तिनं माझी नोकरीच्या साइटवर प्रोफाइल बनवली. फोटोभोवती हिरवी कड लावली, म्हणजे म्हणे ही बाई काम शोधतेय हे जगाला कळतं. "आत्या, तू कीवर्ड टाक ना. रिक्रूटर वाचत नाही गं, नुसता स्क्रोल करतो," असं ती मला समजावायची. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा एक जुना डिप्लोमा आणि एका दुकानाचं नाव, एवढंच होतं. बावीस वर्षं चार ओळींत संपली. म्हाताऱ्यांना धरणसाठा वाचून दाखवते, याला कीवर्ड कुठून आणायचा? मी अर्ज करत गेले आणि पलीकडून काहीच येईना. शेजारचे जोशीकाका जिन्यात भेटले तर म्हणाले, "या वयात नोकरी शोधताय? आम्ही या वयात सोडायचं बघत होतो." मी हसले, पण घरी येऊन रडले. मला वाटलं, आपण कुणाला दिसतच नाही.

चार महिन्यांनी प्रणालीनं माझा अर्ज उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. फोन नंबरच्या जागी मी घरचा लँडलाइन दिला होता. मला तो बरोबरच वाटला होता. लहानपणापासून नाना सांगत आले होते की नंबर बदलला की माणसं हरवतात. मोबाइल मी दोनदा बदलला, घरचा नंबर मात्र माझ्या शाळेच्या दाखल्याइतका जुना. "अगं, हे लोक मेसेज टाकतात, व्हॉट्सॲप करतात. तुझ्या त्या डब्यावर काय येणार?" असं ती ओरडली. किती जणांनी हाक मारली असेल आणि ती आमच्या टेलिफोनच्या डब्याशी येऊन विरली असेल, कोण जाणे. त्याच संध्याकाळी तिनं नंबर बदलला. त्यानंतरही कुणी विचारलं नाही ही गोष्ट वेगळी.

पण एका जुन्या अर्जावरचा नंबर कुणीतरी खरोखर फिरवला. मी वहिनीबरोबर मार्केट यार्डात भाजीला गेले होते. दुकान बंद झालं तरी नाना सवयीनं अकरा वाजता मशीन लावून टेलिफोनजवळ बसायचे. मी परत आले तेव्हा वहीत लिहिलेलं होतं: "११.१०. हारिका, विशाखापट्टणम. नोकरीचं. परत करतील. आवाज स्पष्ट." खाली इंग्रजीत एक लांबलचक ईमेल पत्ता, एका अक्षराचीही खाडाखोड नाही. काय बोलणं झालं असं विचारलं तर म्हणाले, लिहिलंय तेवढंच. खात्यात असल्यापासूनची ही सवय, दुसऱ्याचा फोन तोंडातून बाहेर काढायचा नाही.

ती श्रवणयंत्रं बनवणारी कंपनी होती. त्यांना मशीन तयार करणारे हवे तितके मिळत होते. मशीन घेऊन गेलेला माणूस ते ड्रॉवरमध्ये का टाकून देतो, हे सांगणारं कुणी हवं होतं. व्हिडिओ कॉलवरच्या मुलाखतीत मी मला येत होतं ते सांगितलं. पेपरातून आकडे वाचण्याची पद्धत सांगितली तेव्हा पडद्यावरची तिन्ही माणसं लिहून घ्यायला लागली आणि मला क्षणभर कळेना की हे माझं बोलणं लिहून घेतायत. दहा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं.

मी नाही म्हणणार होते. नानांचं मशीन रोज मी साफ करत होते. त्याची नळी फुंकायची, ओल धरू नये म्हणून रात्री डबीत ठेवायचं, त्यांच्या कानात ते बरोबर बसलंय का बघायचं. मी गेले आणि त्या मशीननं महिनाभरात ड्रॉवर गाठला तर? एकोणऐंशी वर्षांचा माणूस परत त्या मुकाटपणात जाऊन बसला तर माझ्या नोकरीला काय अर्थ? हे मी दादाला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगत होते. नानांना ते ऐकू गेलं. दोष माझाच, मशीन मीच इतकं चांगलं लावलं होतं. ते उठले, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, मशीन काढलं आणि नळी सोडवून, फुंकून, पुसून, परत बसवली. तीनदा. तिसऱ्यांदा मशीन कानात घालून माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्या कानांसाठी थांबू नकोस. ते तू करून दिलेस, आता मी सांभाळतो."

इथं विशाखापट्टणमला आले आणि माझे डोळे दिपले. माझ्या कामाच्या जागी एक खोली आहे, जिच्या भिंतींना, छताला, जमिनीखालीसुद्धा स्पंजचे मोठे त्रिकोण लावलेत. आवाज आत गेला की परत येत नाही. पहिल्यांदा दार बंद केलं तेव्हा मला माझा श्वास ऐकू आला, मग हळूहळू छातीतली धडधड, आणि मग कानांतच एक बारीक सळसळ. बावीस वर्षं कानांत काम करून मी शांतता कधी ऐकलीच नव्हती. लक्ष्मी रोडच्या हॉर्नमधून मी लोकांना आकडे ऐकायला शिकवलं होतं. त्या खोलीत मी उभी राहिले आणि मला बागवानकाकांना तिथं आणावंसं वाटलं.

बाकी इथं दुपारी सगळे एकमेकांना "तिन्नारा?" विचारतात, म्हणजे जेवलात का. मी चुकले की "पर्वालेदु" म्हणतात, असू दे. पुण्यात चुकलं की काय म्हणतात ते तुम्ही जाणताच. मला सगळे मॅडमगारू म्हणतात, गारू म्हणजे आपलं आदराचं जी, आणि मी अजून मागं वळून बघते, कुणाला म्हणतायत.

गेल्या महिन्यात जेवताना मी हारिकाला विचारलं, माझ्या अर्जात तिला नेमकं काय दिसलं होतं. ती हसली. म्हणाली, अर्ज तर मी बाजूला ठेवला होता. पण लँडलाइन नंबर बघून कुतूहल वाटलं म्हणून लावला. एका आजोबांनी उचलला, माझा निरोप लिहून घेतला, ईमेल एकेक अक्षर करून परत वाचून दाखवला. तिच्या आजोबांना कंपनीचंच मशीन आहे आणि ते फोनवर हॅलोच्या पुढं जात नाहीत. म्हणून ती नानांना म्हणाली, सर, या वयात तुमचे कान फारच चांगले आहेत.

नाना तिला त्यांच्या खात्याच्या इंग्रजीत म्हणाले होते, "मॅडम, मी दोन्ही कानांनी बहिरा आहे. तुम्ही जे ऐकताय ते माझ्या मुलीचं काम आहे."

मग म्हणे त्यांनी दहा मिनिटं सांगितलं. मागची खोली, पुढचा फोन, धरणाचे आकडे, बागवानकाकांचं पास, आणि आपण किती दिवस नापास होत होतो तेही. माझ्यासमोर या माणसानं मला कधी शाबास म्हटलेलं मला आठवत नाही. हारिका सांगत होती आणि माझा घास हातातच राहिला. चार महिने मी त्या साइटवर हिरवी कड लावून बसले होते, कुणीतरी बघावं म्हणून. बघणारा घरात टेलिफोनजवळ बसला होता. मी थक्क झाले, आणि अजून आहे.

फोन ठेवायच्या आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, असं हारिका म्हणाली. पगाराचा नाही, राहायच्या सोयीचा नाही. "तुमच्या ऑफिसात लँडलाइन आहे का?" म्हणजे मी जाणार हे त्यांनी त्याच वेळी ओळखलं होतं. राँग नंबर म्हणून त्यांना फोन ठेवून देता आला असता.

ऑफिसात लँडलाइन आहे. रोज अकरा वाजता मी घरचा नंबर फिरवते. दोन घंट्यांत फोन उचलला जातो. तुम्ही मला विचारता आता घर कुठलं, तर मला पत्ता सुचत नाही, तो नंबर सुचतो. नाना म्हणतात, पेपर समोर आहे, लिहून घे. मग ते खडकवासल्याचा आकडा वाचतात आणि मी तो परत म्हणून दाखवते. परवा लाइनवर खरखर होती. मी आकडा चुकीचा सांगितला. जे मी नानांना वर्षानुवर्षं विचारत आले तेच मग त्यांनी मला विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"सुषमा, ऐकू येतंय का?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी आकडा पुन्हा वाचला, मी बरोबर सांगितला, आणि ते म्हणाले, "पास."