मुठीवरचा लाल रंग

आमच्या घरात रंग न लागलेली वस्तू म्हणजे एकटी मीच. आमच्या यांनी बावीस वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केल्या आणि पेन्शनबरोबर तिथली एक खोडही घरी आणली. दिसेल त्याला रंग लावायचा. बादलीवर पांढऱ्या अक्षरांत ‘पाणी’, डब्यावर ‘तूरडाळ’. बादलीत पाणी असतं हे मला ठाऊक आहे, असं मी पुष्कळदा सांगून पाहिलं. खंडेनवमीला तर ऊतच यायचा. पूजेआधी पाने, पक्कड, हातोडे, सगळ्यांवर रंगाचा नवा हात फिरायचा. गाडीच्या बॉनेटखालीसुद्धा. तेल किती आहे ते बघायच्या ज्या सळ्या असतात, त्यांतल्या इंजिनाच्या सळीची मूठ पिवळी आणि गिअरच्या सळीची लाल.

गाडी मात्र माझ्यासाठी घेतलेली. माझा डावा गुडघा कामातून गेलेला, क्लच दाबायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून यांनी पुण्याहून एक जुनी ऑटोमॅटिक आणली आणि शेजारी बसून मला शिकवलं. “डावा पाय रजेवर गेलाय म्हणून समज,” म्हणायचे. “त्याला काय काम सांगायचं न्हाई.” साठीच्या उंबऱ्यावर मी गाडी शिकले. दर गुरुवारी आम्ही मलकापूरहून माधवनगरला माझ्या थोरल्या बहिणीकडे जायचो. मी चालवायची आणि हे शेजारी बसून चुका काढायचे.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. मी गुरुवार सोडला नाही. गाडी चालवताना यांच्याशी बोलायची सवयही सुटली नाही. बहीण आता घराबाहेर पडू शकत नाही, आणि मला नावानं हाक मारणारं माणूस जगात ती एकच उरली आहे. बाकी सगळ्यांची मी काकू, नाहीतर आई.

गेल्या हिवाळ्यात गाडी हिसके द्यायला लागली. उसाच्या ट्रॉलीमागं वेग कमी केला आणि पुन्हा वाढवला, की मागून कुणीतरी ढकलल्यासारखं व्हायचं. प्रत्येक हिसक्याला माझ्या तोंडून निघायचं, “आवं, बगा की!” तेही शेजारच्या सीटकडे बघून. मग सीट रिकामी दिसायची आणि पुढचे दोन-चार किलोमीटर मला काही बरं वाटायचं नाही.

मुलगाही फौजेत, लांब कुठंतरी. रविवारी फोन करतो. “विकून टाक आई गाडी, एसटीनं जात जा,” म्हणाला. या गुडघ्यानं एसटीची पायरी कशी चढायची ते येऊन दाखव म्हटल्यावर हवापाण्याचं बोलायला लागला.

मलकापुरातच मेस्त्रीकडे गेले. त्यानं गाडी गरम केली, इंजिन चालूच ठेवून लाल मुठीची सळी ओढली आणि कागदावर थेंब पाडला. थेंब तपकिरी होता आणि त्याला जळका वास येत होता.

“काकू, गिअरचं तेल बदलाय लागतंय. लाल तेल टाकतो, लय झकास चालंल.”

“कुठलं लाल?”

“लाल ते लाल. समदी एकच असत्यात.”

“मग कुंकू कालवून घाला की. तेबी लालच हाय.”

तो हसला. मला हसू आलं नाही. यांच्या तोंडून ऐकून ऐकून एवढं मला माहीत होतं, की ऑटोमॅटिकच्या गिअरपेटीत भलतं तेल गेलं तर आतल्या चकत्या घसरायला लागतात आणि पेटी कायमची बसते. पेटी गेली की गाडी गेली, आणि गाडी गेली की माझा गुरुवार गेला.

गाडीचं पुस्तक पहिल्या मालकाकडेच राहिलेलं. मोबाइलवर शोधलं तर एकाच नावाची दोन तेलं निघाली, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. अमक्या सालापर्यंत हे, तिथून पुढे ते. आमची गाडी नेमकी त्याच सालातली! सांगलीच्या एका तेलाच्या दुकानदाराला फोन लावला. माणूस सरळ निघाला. “मावशी, अंदाजानं मी देणार न्हाई. सळीच्या मुठीवर तेलाचं नाव कोरलेलं असतंय. तेवढं वाचून सांगा.”

मी बॉनेट उघडलं. मुठीवर अक्षरं नव्हती, रंग होता. दर खंडेनवमीचा एक, असे सात वर्षांचे सात थर. तेलाचं नाव यांना पाठ होतं, म्हणून ते झाकलं गेलंय हे त्यांच्या ध्यानातही आलं नसेल. मला असा राग आला म्हणता! “घरभर नावं लिहीत फिरलात. पाण्याच्या बादलीवर पाणी लिहिलंत. आन् जिथं खरंच लिवलेलं होतं तिथं रंग फासला व्हय?” बॉनेटखाली डोकं घालून मी मोठ्यानं भांडले. शेजारणीनं खिडकीतून पाहिलं असेल तर पाहू दे.

मग तो ठसा दिसला. लोखंडी मुठीच्या एका बाजूला, रंगात उमटलेला अंगठा. यांच्या शेवटच्या खंडेनवमीला पूजेची घाई झाली होती. मी ताट घेऊन उभी, “वाळला का?” म्हणून विचारत होते, आणि यांनी अंगठा लावून पाहिला होता. वाळला नव्हता. तो लाल अंगठा त्यांनी माझ्या पदराला पुसला आणि मी दिवसभर फुगून बसले. ठशातली रेघ न् रेघ अजून शाबूत होती. घरात यांचा मोठा फोटो आहे, त्याला हार आहे. पण त्या फोटोला यांचा हात लागलेला नाही.

थिनर आणि चिंधी घेऊन मी आधी पाठची बाजू पुसली. खाली नुसतं लोखंड निघालं. तरी मी घासतच राहिले. अक्षरं ठशाच्या बाजूला आहेत हे मला कबूल करायचं नव्हतं.

सळी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. ठसा राखला असता, तर गाडी दारात उभी राहिली असती आणि मी तो अंगठा बघत घरात बसले असते. यांनी गाडी दारात उभी करायला आणली नव्हती. ठशावर माझा अंगठा ठेवून पाहिला. माझा बराच लहान भरला. मग चिंधी भिजवली आणि पुसायला लागले. एकेक थर सुटत गेला, बोटं लाल झाली आणि खालून अक्षरं वर आली. चष्मा पुसून दोनदा वाचली. शेवटचं अक्षर स्वच्छ होतं.

सांगलीहून एसटीच्या पार्सलनं डबा आला. मेस्त्रीला मी डब्यावरचं नाव मोठ्यानं वाचायला लावलं, मुठीवरचंही, आणि मगच तेल ओतू दिलं. काम झाल्यावर तो म्हणाला, “काकू, मूठ परत लाल करू का?”

“नको. वाचता आलं पायजे.”

पुढच्या गुरुवारी निघाले. पेठनाका गेला, आष्टा गेलं. वाटेत ट्रॉल्या होत्याच. गाडी कधी कुठला गिअर बदलत होती ते कळतसुद्धा नव्हतं. माधवनगरच्या वळणावर माझ्या लक्षात आलं, की घरातून निघाल्यापासून मी एक शब्दही बोललेले नाही. हिसकाच नव्हता, तर कुणाला काय सांगणार? दोन वर्षांत यांच्याशिवाय केलेला हा माझा पहिलाच प्रवास होता.

बहिणीच्या दारात गाडी थांबवली. आतून तिनं नाव घेऊन हाक मारली. मी उतरले नाही. शेजारच्या सीटकडे बघून मुद्दाम म्हटलं, “आवं, बगा की. कशी झ्याक चालतीया.” आणि मग मला रडू आलं.