सुनंदाचे रिपोर्ट आणि पल्लवीचा बायोडाटा

तेहतीस वर्षं मी भिलाईच्या स्टील प्लांटच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये होतो आणि तेवढ्या काळात माझ्या हातून एकही कागद इकडचा तिकडे झाला नाही. रिटायर झाल्यावर झाला, आणि तोही बायकोचा.

सुनंदाच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली होती. भिलाईच्या डॉक्टरांनी सुई टोचून तपासणी केली आणि सांगितलं की तसं घाबरण्यासारखं दिसत नाही, पण ऑपरेशन करायचं की नाही हे नागपूरच्या सर्जनना विचारा. नागपूरहून निरोप आला की सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एकाच पीडीएफमध्ये पाठवा. माझ्याजवळ आठ वेगवेगळ्या फायली होत्या. टाचणी लावायची असती तर मी दोन मिनिटांत लावली असती.

सुनंदाची एकच अट होती.

"कोणाले सांगू नका," ती म्हणाली. "माझ्या ताईलेही नाही. लोकं येऊन बसतात आन् असे पाहतात का मी आता चाललीच. मले त्याचंच जास्त भेव लागते."

रात्री झोपेत ती गळ्यावर हात ठेवते हे मी पाहत होतो. त्यामुळे मी शब्द दिला.

शब्द देऊन मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि सरळ गेलो ते स्मृति नगरातल्या सगळ्यात गर्दीच्या झेरॉक्सच्या दुकानात. (घरी मुलाचा जुना लॅपटॉप होता. त्यावर मी पत्ते खेळत असे.) दुकानदाराने पहिला रिपोर्ट उघडला तर सुनंदाचं नाव भल्यामोठ्या स्क्रीनवर आलं. मी घाईघाईने हातातला पेपर उलगडून स्क्रीनसमोर धरला. तो शांतपणे म्हणाला, "अंकल, मुझे तो दिखना चाहिए न."

तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या कुंभलकर वहिनी आल्या. त्यांच्या पल्लवीसाठी दुर्गचं एक स्थळ आलं होतं. बायोडाटा, पत्रिका आणि फोटो, असं सगळं त्यांना एकाच फाइलमध्ये जोडून हवं होतं. माझं काम झालं, त्यांचंही झालं, आणि दोन्ही फायली एकाच नावाच्या, फक्त एकीपुढे आकडा, अशा कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी जाऊन बसल्या. इतक्यात झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद अडकला आणि दुकानदार तिकडे पळाला. जाताना म्हणाला की आपापली फाइल घेऊन घ्या.

माझ्यातला रेकॉर्ड क्लार्क जागा झाला. मी वहिनींना म्हटलं, तुम्ही बसा, मी करून देतो. एक फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, दुसरी त्यांच्या मेलवर पाठवली. कोणती कोणाची ते उघडून पाहिलं नाही, कारण उघडली असती तर वहिनींना सुनंदाचे रिपोर्ट दिसले असते. गुप्तता म्हणजे गुप्तता. वहिनींचा चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे त्यांनीही न पाहताच फाइल दुर्गला पाठवून दिली. जाताना त्या मला दोनदा धन्यवाद म्हणाल्या. घरी येऊन मीही माझी फाइल न उघडताच नागपूरला मेल केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या दवाखान्यातून फोन आला. सुनंदाने उचलला. तिकडची बाई फार अदबीने सांगत होती की मॅडम, तुम्ही पाठवलेल्या कागदांत उंची पाच फूट तीन इंच, वर्ण गव्हाळ आणि 'निर्व्यसनी जोडीदाराची अपेक्षा' असं लिहिलं आहे. गाठीचं कुठे काही दिसत नाही.

सुनंदाने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमी काय पाठवून राहिले तिकडं?"

मी फाइल उघडली. पल्लवी निळ्या साडीत हसत होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पल्लवी जर नागपूरला गेली असेल, तर सुनंदा कुठे गेली?

सुनंदा दुर्गला गेली होती. हे सांगायला दुपारी वहिनी स्वतःच आल्या, पल्लवीला सोबत घेऊन. मुलाचे वडील निमजे साहेब म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले सरळ माणूस. त्यांनी आलेले रिपोर्ट आपल्या डॉक्टर भावाला दाखवले आणि मग वहिनींना फोन केला. मुलीकडच्यांनी आजार लपवला नाही, ही गोष्ट त्यांना फार आवडली होती. गाठ साधीच दिसते, आमची काही हरकत नाही, असं ते म्हणाले. फक्त नाव दुसरंच आणि वय सत्तावन्न लिहिलं आहे, ते बहुधा टाइप करताना चुकलं असावं.

आता सुनंदा रडणार, असं मला वाटलं. ती आधी हसली. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि मग खरंच रडली. गेले तीन आठवडे ती रडली नव्हती. कुंभलकर वहिनी तिच्याजवळ सरकून बसल्या. त्यांनी 'अरे रे' केलं नाही, की घाबरल्यासारखं पाहिलं नाही. नुसता तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "एकटी काहून बसली होती वं? मी येतो न तुयासंग नागपूरले."

मी तिथून उठून लॅपटॉपकडे गेलो. पल्लवी मागोमाग आली. मला वाटलं, आता ही मला बोलणार. तिने खुर्ची ओढली, ब्राउझरमध्ये एक पान उघडलं आणि घरातलं वायफायच बंद करून टाकलं.

"अगं, नेट नाही तर चालेल कसं?" मी विचारलं.

"काका, हे काम इथंच, तुमच्या लॅपटॉपमध्येच होते. नेट ही नहीं है, तो फाइल जाएगी कहाँ?"

तिने आठही फायली त्या पानावर ओढल्या, बोटाने सरकवाव्या तशा तारखेप्रमाणे लावल्या आणि एक बटण दाबायला मला सांगितलं. मी दाबलं. झाली एक फाइल. कोणाच्या दुकानात नाही, कोणाच्या स्क्रीनवर नाही, आमच्या जेवणाच्या टेबलावर.

मग तिचं लक्ष फोल्डरमधल्या नवव्या फाइलकडे गेलं. सहा वर्षांपूर्वी घसा दुखत होता म्हणून केलेली गळ्याची सोनोग्राफी. ती मी घेतलीच नव्हती. मी समजावून सांगितलं की जुना कागद आता काय कामाचा. पल्लवीने माझ्याकडे फक्त पाहिलं, आणि ती फाइल सगळ्यांच्या वर लावून पुन्हा जोडायला लावलं. या वेळी पाठवण्याआधी आम्ही प्रत्येक पान उघडून त्यावरचं नाव वाचलं.

आठवड्याने सुनंदा, वहिनी आणि मी असे तिघं नागपूरला गेलो. सर्जननी फाइल उघडली आणि ते पहिल्याच पानावर थांबले. गाठ तेव्हाही होती आणि आज आहे तेवढीच होती. सहा वर्षांत ती वाढलेली नाही आणि सुईचा रिपोर्टही चांगला आहे, तर ऑपरेशनची गरज नाही, वर्षातून एकदा दाखवत जा, एवढंच ते म्हणाले. बाहेर आल्यावर सुनंदाने वहिनींच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी दोघींसाठी चहा आणायला गेलो आणि चहाच्या टपरीमागे उभा राहून डोळे पुसले. या माय-लेकींचे उपकार कसे फेडावेत, हे मला अजून कळलेलं नाही. मी त्यांचं स्थळ बिघडवायला निघालो होतो आणि त्यांनी माझं घर सावरलं.

स्थळ मात्र बिघडलं नाही. पल्लवीचा खरा बायोडाटा दुर्गला गेला, मुलगा-मुलगी भेटले, पसंती झाली. लग्नात निमजे साहेबांनी मला हाताला धरून आपल्या सगळ्या नातेवाइकांत फिरवलं. ओळख करून देताना म्हणायचे, "हे देवतळे साहेब. आमाले पहिले यांच्याच मिसेस सांगून आल्या होत्या."

त्या मांडवात मी मुलीकडचा आहे की मुलाकडचा, हे शेवटपर्यंत कोणालाच ठरवता आलं नाही. मी दोन्हीकडच्या पंगतीत जेवून घेतलं.