पुठ्ठ्याखालचं तण

आमच्या सोसायटीमागे चार हात जमीन आहे. तिच्यात तण इतकं माजलं होतं, की सेक्रेटरींची स्कूटर आत शिरली ती तिसऱ्या दिवशी सापडली. सेक्रेटरी मला म्हणाले, "मास्तर, पावसाळ्याआधी भाजीचा वाफा करून दाखवा, नाहीतर काँक्रीट टाकून पार्किंग करतो."

गेटवर माठाच्या जुड्या विकणाऱ्या म्हातारीला मी तणनाशकाचं नाव विचारलं. तिने नासक्या जुडीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "इखारी औषद मारशील नि त्यातच भाजी लावशील? मानकोलीच्या गोदामातनं पुठ्ठं आन. भिजवून हातर, वर दगड ठेव. उजेड न्हाय मिलला का तन मरतंय."

फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांनी आमची बाग शोरूमसारखी दिसू लागली. पण महिन्याभराने तणाची तब्येत माझ्यापेक्षा उत्तम.

"मावशी, रोज सकाळी पुठ्ठा उचलून बघतो, तरी मरत नाही."

"मरंल कसा? रोज उजेड घेऊन त्याला भेटाया जातस."

वीस वर्षं पोरांच्या वह्यांत डोकावणारा मी, दीड महिना त्या पुठ्ठ्याकडे पाठ करून बसलो. एवढी तपश्चर्या कुठल्या ऋषीनेही केली नसेल.

मग एका रविवारी सेक्रेटरींसमोर पुठ्ठा उचलला. खाली काळी, भुसभुशीत माती आणि अजगराएवढी गांडुळं. काँक्रीटचा विषय तिथेच संपला.

म्हातारीने मातीत बोट खुपसलं आणि पदराच्या गाठीतलं माठाचं बी पेरलं. मी शहाण्यासारखा म्हणालो, "आता महिनाभर इकडे फिरकत नाही."

"आता रोज ये," ती म्हणाली. "आता बघायची येल हाय."