आधी आधण

आमच्या जव्हारच्या दवाखान्यातला कंपाउंडर माणसाच्या आधी चुलीकडे बघायचा. रोगी दारात कण्हत उभा असला तरी याचं पहिलं काम पाणी उकळत ठेवणं. चाकू, चिमटा, पट्टीची फडकी, सगळं त्याच्या पातेल्यातून जायचं. "आधी आधण, मग आख्यान," असं म्हणून तो रोग्याला बसवून ठेवी. गावानं त्याचं नाव उकळ्या ठेवलं होतं, आणि ठेवणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे होतो.

एकदा सूर्यमाळहून पाय सुजलेली एक म्हातारी आली. आधण येईना, तेव्हा तिचा धीर सुटला. "आरं दागतर, पाय दावाया आलूं मी, भात शिजवाया नाय!"

"आजी, भात कच्चा राहिला तर पोट दुखतं. हे कच्चं राहिलं तर माणूस जातो," उकळ्या म्हणाला. पुढे एकदा संस्थानचे एक बडे अधिकारी तपासणीला आले आणि नाकाला रुमाल लावून "हा दवाखाना आहे की भटारखाना?" असं विचारते झाले. त्यांच्यासमोरही पातेलं उतरलं नाही.

मी तेव्हा कचेरीत नवा कारकून. दसऱ्याच्या दरबाराला साध्या वहाणा घालून जाणं मला कमीपणाचं वाटलं, म्हणून एका मित्राचे विलायती बूट मागून आणले. ते बोटभर लहान होते. पायांना सवय व्हावी म्हणून आठ दिवस आधीपासून घातले. टाच सोलली, फोड आला, फुटला. मी त्यावर चुलीतली राख दाबली आणि पुन्हा बूट चढवले. दरबारात बूट दाराबाहेरच काढायचे असतात, हे मला फार उशिरा कळलं.

उकळ्यानं माझं लंगडणं रस्त्यातच हेरलं. "कारकून, जखम दाखवा."

"बूट चावलाय, वाघ नाही," मी ऐटीत म्हणालो.

"वाघ चावला असता तर तुम्ही आपणहून आला असता."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला हुडहुडी भरली. टाचेपासून लाल रेघ वर चढली होती, धाप लागत होती, आणि दरबाराला उशीर होतोय म्हणून मी सारखा उठत होतो म्हणे. कचेरीतल्यांनी मला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर फिरतीवर होते. उकळ्यानं आधण आणलं, चाकू उकळला आणि टाचेला लावला. मी "दरबार!" असं ओरडून लाथ झाडली. चाकू त्याच्याच अंगठ्यात शिरला. त्यानं आधी माझा सगळा पू काढला, पट्टी बांधली, आणि मग अंगठ्याकडे पाहिलं.

मला नीट शुद्ध आली तेव्हा शेजारच्या खाटेवर तो होता. अंगठा वांग्यासारखा झाला होता.

"पाहून ठेवा, कारकून," तो म्हणाला. "जखमेतलं विष म्हणजे चोर. घरात चोर शिरला तर अंगातल्या पहारेकऱ्यानं चोर धरावा. पण चोर सगळ्या घरभर झाला, की हा पहारेकरी भांबावून घरालाच आग लावतो. आधी हुडहुडी, मग नाडी पळते, हातपाय गार पडतात, लघवी आटते. शेवटी डोकं फिरतं आणि माणूस दरबाराला निघतो."

हसण्याइतका जीव त्याच्यात होता. मी मात्र रडत होतो. "लाथ मी मारली," एवढंच मला बोलता आलं.

"लाथ तापानं मारली. पाय तेवढा तुमचा होता."

गाव म्हणतं, एवढं उकळून त्यानं काय मिळवलं? मी माझी टाच दाखवतो. त्या टाचेवर मी म्हातारा झालो, आणि ती लाथ अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

शेवटच्या दिवशी तोही बरळू लागला. मी दरबाराला निघालो होतो; तो चुलीकडे निघाला. एकच विचारत राहिला, "कारकून, आधण आलं का?"

"आलं," मी म्हणालो. तो खाटेवर पडल्यापासून त्या दवाखान्यात चूल कोणी पेटवलीच नव्हती.